घरातली टेप आणि 'कच्चं' म्हणणारे

पहिल्यांदाच सांगून टाकतो. मला फ्रेंच येत नाही. गाण्याचं शास्त्रही येत नाही. शब्दांचे अर्थ मी दुसऱ्यांकडून समजून घेतलेत, कानावर मात्र स्वतःच्या भरवसा ठेवलाय. तरीही मी ब्रिजित फोंतेन आणि आरेस्की बेल्कासेम या दोघांच्या घरातल्या टेपवर लिहिणार आहे. आणि ज्यांना फ्रेंचही येतं, शास्त्रही येतं, त्यांच्याशी थोडं भांडणार आहे.

टेप १९८० सालची. स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही. दोन माणसांनी घरात बसून केलेलं कच्चं ध्वनिमुद्रण. गाणं बांधताना नमुना म्हणून करतात तसं. याला धंद्याच्या भाषेत 'डेमो' म्हणतात. डेमो कंपनीच्या साहेबाला ऐकवायचा असतो. साहेबाला पटलं तर पुढं स्टुडिओ, नाही पटलं तर टेप कपाटात. ही टेप कपाटात गेली. कित्येक वर्षांनी ती पुन्हा हाती लागली आणि 'बराका १९८०' या नावानं लोकांसमोर आली. 'बराका' हा अरबीतून फ्रेंचात गेलेला शब्द. कृपा, बरकत, नशीब, असा त्याचा अर्थ.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, ही गोऱ्यांची थेरं. आपल्याकडं काय ऐकायला कमी आहे का? वस्तीतली पोरं नोकरीसाठी वणवण फिरताहेत आणि तू पॅरिसची टेप घेऊन बसलास."

प्रश्न खरा आहे. तो टाळून पुढं जाता येत नाही. हा लेख म्हणजे त्या मित्राला उत्तर आहे, असं समजा.

१

आधी माणसं कोण ते पाहू. ब्रिजित फोंतेन १९३९ साली ब्रिटनीतल्या मॉर्ले या गावी जन्मली. आईबाप शिक्षक. ब्रिटनी हा फ्रान्सचा पश्चिम कोपरा. तिथल्या लोकांची ब्रेटन ही स्वतःची भाषा. विसाव्या शतकातसुद्धा तिथल्या शाळांमधून ब्रेटन बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात खूण म्हणून एखादी वस्तू अडकवायची पद्धत होती. दुसरं पोर ब्रेटन बोलताना पकडलं की ती वस्तू त्याच्या गळ्यात. म्हणजे पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची. ही शिक्षा फोंतेनला झाली असं मी म्हणत नाही. पण ती ज्या मातीतली, त्या मातीला जिभेची लाज शिकवली गेली होती, एवढं ध्यानात ठेवा.

आरेस्की १९४० साली व्हर्सायला जन्मला. राजवाड्याचं गाव. पण आईबाप अल्जीरियातल्या कबिलिया प्रांतातले, पोटासाठी फ्रान्सला आलेले. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या टाचेखाली होता. कबायली लोक अरबसुद्धा नव्हेत. त्यांची भाषा वेगळी, गाणं वेगळं. म्हणजे परक्या देशात परका, आणि परक्यांतही वेगळा.

आरेस्कीची लष्करी नोकरीच्या काळात झाक इजलँ या गायकाशी गाठ पडली. १९६९ मध्ये दोघांची मिळून तबकडी निघाली. फोंतेनही याच वर्तुळातली. तिथून फोंतेन आणि आरेस्की हे दोघं जे एकत्र आले ते पन्नासेक वर्षं एकमेकांच्या कामात राहिले. तिचे शब्द, त्याच्या चाली. कधी तो गातो, कधी ती नुसती बोलते.

२

१९६८ साली फोंतेनची एक तबकडी आली. तिचं नाव 'ब्रिजित फोंतेन वेडी आहे'. नाव दुसऱ्या कुणी ठेवलेलं नव्हतं. तबकडी तिचीच.

हे वाचलं आणि मी थांबलो. बाई नीट चालत नाही, नीट हसत नाही, लग्नाची गाणी गात नाही, म्हणून लोक तिला वेडी म्हणणार. ते म्हणायच्या आत तिनं तो शब्द उचलला आणि स्वतःच्या दारावर पाटीसारखा लावला. आता बोला! जो शब्द मारायला वापरला जातो तोच आपल्या हातात घ्यायचा, ही रीत या पानांच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आपणही एका शब्दाचं असंच केलं आहे. ज्याला तो शब्द घाण वाटत होता त्यालाच मग तो उच्चारायची भीती वाटायला लागली.

आणि ही नुसती मंचावरची ऐट नव्हती. ५ एप्रिल १९७१ ला फ्रान्समधल्या ३४३ बायकांनी एका साप्ताहिकात जाहीर केलं की आम्ही गर्भपात केलेला आहे. मजकूर सिमोन द बोव्हारचा. गर्भपात तेव्हा गुन्हा होता. सही करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. त्या सह्यांमध्ये फोंतेनची सही आहे. कायदा बदलायला १९७५ उजाडलं. १९७७ च्या 'तुम्ही आणि आम्ही' या दुहेरी तबकडीत तिचं 'पितृसत्ता' नावाचं गाणंच आहे. विषय पडद्याआड ठेवायचा, प्रतिमेत गुंडाळायचा, असलं काही नाही. थेट नाव घेतलं आहे.

३

आता १९६९. शिकागोहून काही काळे वादक पॅरिसला येऊन उतरले. लेस्टर बोवी, रॉस्को मिचेल, जोसेफ जार्मन, मॅलॅकी फेव्हर्स. हेच ते आर्ट एन्सांबल ऑफ शिकागो. १९६५ साली शिकागोतल्या काळ्या वादकांनी आपली संघटना काढली होती, कारण क्लबचे मालक आणि रेकॉर्ड कंपन्या सांगतील तेच वाजवायचं त्यांना नको होतं. आपला कार्यक्रम आपण लावायचा, पोरांना आपणच शिकवायचं, हा त्या संघटनेचा खाक्या. तिच्यातूनच हे चौघं आले होते. आपल्या संगीताला ते जॅझ म्हणत नसत. त्याला त्यांनी स्वतःचं नाव दिलं, थोर काळं संगीत. नाव ठेवण्याचा हक्क आमचा, हा त्यातला मुद्दा.

या वादकांबरोबर फोंतेन आणि आरेस्की यांनी 'रेडिओवर असतं तसं' ही तबकडी केली. शीर्षकगीतात ती ऐकणाऱ्याला धीर देते की घाबरू नका, तुम्हाला त्रास होईल असं काही होणार नाही, नुसतं संगीत चालू राहील. आणि ती जसजशी धीर देते तसतशी ऐकणाऱ्याची झोप उडत जाते. मागं शिकागोच्या पोरांचा भोंगा आणि बासरी, खाली आरेस्कीचा उत्तर आफ्रिकेतल्या वळणाचा ठेका, आणि वर एका ब्रेटन बाईचं थंड बोलणं.

विचार करा. ब्रिटनी, कबिलिया, शिकागो. तीन वस्त्यांतली माणसं एका खोलीत जमली आणि पॅरिसच्या भद्र गाण्याची घडी विस्कटून गेली. संगीतातली समीक्षक मंडळी याला 'प्रयोग' म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. प्रयोग म्हणजे प्रयोगशाळेत दोन रंग मिसळून पाहणं. इथं रंग मिसळलेले नाहीत. ज्यांना दारात उभं केलं होतं ते आत आले आणि आपापल्या आवाजात बोलले. आपल्याकडं १९७२ मध्ये ओकलंडच्या पँथरांचं नाव घेऊन पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांनाही कुणी 'प्रयोगशील तरुण' म्हणालं असतं तर कसं वाटलं असतं?

४

पण माझा जीव अडकला तो १९७३ च्या एका गाण्यात. नाव 'सी नॉर्माल'. म्हणजे, यात काय विशेष, असंच असतं.

गाणं कसलं, दोघांचं बोलणंच आहे. इमारतीत काहीतरी भयंकर घडतं आहे. ती विचारते, हे काय झालं? तो समजावतो. ती पुन्हा विचारते, असं का? तो पुन्हा समजावतो, आवाज न चढवता, शाळामास्तरासारखा. प्रत्येक गोष्टीला कारण आहे, नियम आहे. माणसं मरताहेत, पण नियमाप्रमाणे मरताहेत. मग ओरडायचं कशाला? असंच असतं.

हे गाणं समजून घेतलं त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणापासून मी हा आवाज ऐकत आलोय. पाणी वरून ओततात, कारण रीत आहे. घर गावकुसाबाहेर, कारण तसंच असतं. शिव्या देणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. या शांत समजावणाऱ्याला काय उत्तर देणार? त्याच्या आवाजात द्वेष नाही. त्याच्या आवाजात ज्ञान आहे. आणि तेच जास्त भयंकर. माणसानं केलेली गोष्ट निसर्गाच्या खात्यावर लिहून टाकायची, ही जुलमाची सगळ्यात जुनी हिशेबवही. ती पुण्यातही चालते, पॅरिसातही चालते.

आणि समजावणारा आवाज कुणाचा दिलाय? आरेस्कीचा. स्थलांतरित मजुरांच्या जमातीत जन्मलेल्या माणसाचा. सोसणाऱ्यांच्या पोराच्या तोंडी जुलमाचं तत्त्वज्ञान घातल्यावर ते कसं उघडं पडतं ते ऐकण्यासारखं आहे. याला मी कारागिरी म्हणतो.

५

आरेस्कीच्या घराबद्दल आणखी थोडं, कारण त्याशिवाय १९८० कळत नाही.

१७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमध्ये अल्जीरियन लोकांनी मोर्चा काढला. फक्त अल्जीरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध. हातात शस्त्र नव्हतं. पोलीसप्रमुख मोरिस पापों. पोलिसांनी माणसं मारली, सेन नदीत फेकली. किती, त्याचा हिशेब अजून लागलेला नाही. १९९८ साली सरकारी अहवाल चाळीसच्या आसपास आला, इतिहासकारांचे आकडे शंभराच्या, दोनशेच्या पुढं जातात. राष्ट्राध्यक्षानं ही कत्तल घडली एवढं कबूल करायला २०१२ साल उजाडलं. पन्नास वर्षं! तेव्हा आरेस्की एकवीस वर्षांचा होता. त्या रात्री तो कुठं होता ते मी सांगू शकत नाही. पण पॅरिसच्या नदीला आपली माणसं गिळताना पाहिलेल्या पिढीतला तो होता.

आणि १९८०? अल्जीरियाला स्वातंत्र्य मिळून अठरा वर्षं झाली होती. गोरा गेला होता. मार्च १९८० मध्ये कबिलियातल्या तिझी उझू विद्यापीठात मुलूद मामेरी या लेखकाचं जुन्या कबायली कवितेवर व्याख्यान ठरलं होतं. सरकारनं त्यावर बंदी घातली. कवितेवरच्या व्याख्यानावर! पोरं रस्त्यावर आली, एप्रिलमध्ये विद्यापीठावर धाड पडली. याला पुढं 'बर्बर वसंत' नाव पडलं. स्वातंत्र्य आलं तरी जिभेला स्वातंत्र्य मिळतंच असं नाही, हा धडा कबायली माणसाला त्या वर्षी मिळाला.

त्याच वर्षी इकडं घरात बसून ही दोघं टेप करत होती. या टेपचा तिझी उझूशी थेट संबंध आहे असा दावा मी करत नाही. असले धागे ओढूनताणून जोडणं ही प्राध्यापकी खोड आहे. मी एवढंच म्हणतो की टेपच्या नावातलं '१९८०' हे नुसतं साल नाही. त्या सालाला खिडकी होती आणि खिडकीबाहेर हे सगळं चाललं होतं. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, मार्सेयहून स्थलांतरितांची पोरं समतेसाठी पायी निघाली आणि पॅरिसला पोचेस्तोवर त्यांच्याबरोबर लाखभर माणसं झाली. १९८६ मध्ये राशिद ताहा आणि त्याच्या जोडीदारांनी 'गोड फ्रान्स' हे जुनं लाडकं गाणं अरबी ठेक्यावर वाजवलं आणि देशाच्या तोंडावर फेकलं. आरेस्की त्यांच्या आधीचा. त्यानं घोषणा दिली नाही, ठेका बदलला. दोन्हीची गरज असते.

६

आता भांडणाकडं येतो.

अशी जुनी टेप सापडली की रसिक मंडळींचं एक ठरलेलं स्तोत्र असतं. किती निरागस! किती अस्सल! स्टुडिओचा मुलामा नाही, जसं आलं तसं. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण ही स्तुती मी ओळखतो. आमच्या आत्मकथनांवर, कवितांवर हीच फुलं उधळली गेली. अनुभव जळजळीत, अस्सल, पण हो, कलेच्या बाजूनं जरा कच्चं. म्हणजे अनुभव तुमचा आणि कला आमची. माती तुम्ही आणा, मडकं आम्ही घडवू. 'अस्सल' या शब्दाच्या पोटात 'अडाणी' हा शब्द लपवलेला असतो.

फोंतेन-आरेस्कीच्या टेपला निरागस म्हणणाऱ्यानं त्यांच्या आधीच्या तबकड्या ऐकलेल्याच नाहीत. १९६९ ला यांनी शिकागोच्या अव्वल वादकांबरोबर काम केलं. १९७४ ची 'आग', १९७५ ची 'सुख', १९७७ ची 'तुम्ही आणि आम्ही', १९८० ची 'रानगुलाब कदाचित भन्नाट असतील'. इतक्या तबकड्यांतून ही दोघं एकेक गोष्ट काढून टाकत आली होती. आधी वाद्यवृंद काढला, मग सजावट काढली, कधी चालही काढली आणि नुसतं बोलणं ठेवलं. साधेपणा त्यांच्याकडं गरिबी म्हणून आलेला नाही. तो कमावलेला आहे. बारा वर्षं गाळत बसल्यावर जे खाली उरतं त्याला कच्चं कसं म्हणायचं?

म्हणून घरातली टेप त्यांच्या कामाची आधीची पायरी नाही, असं माझं म्हणणं. तीच त्यांच्या कामाची दिशा होती. स्टुडिओ हा मधला मुक्काम होता.

एक उदाहरण देतो. अमेरिकेतला ब्रूस स्प्रिंगस्टीन हा मोठा खपाचा गायक. १९८२ च्या जानेवारीत त्यानं घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, काही गाणी नमुन्यादाखल केली. ते यंत्र १९७९ साली बाजारात आलं होतं. मग ती गाणी वादकांना घेऊन स्टुडिओत केली, पण जमेना. शेवटी घरातली कॅसेटच तबकडी म्हणून काढली, 'नेब्रास्का'. जगानं ती डोक्यावर घेतली. का काढता आली? कारण नाव मोठं होतं. कंपनीला ऐकावंच लागलं. तसलीच घरातली टेप फोंतेन-आरेस्कीनं दोन वर्षं आधी केली आणि ती कपाटात पडली. १९८० नंतर तिची नवी तबकडी आली ती थेट १९८८ ला, तीही आधी जपानात. स्वतःच्या देशात ती १९९० साली पोचली. टेप तीच, घर तसंच. फरक दारावरच्या साहेबाचा. कच्चं काय आणि पक्कं काय हे कानानं ठरत नाही, ते खुर्चीनं ठरतं.

आणखी एक बारकी गोष्ट. चाली ज्याच्या, त्या आरेस्कीचं नाव लोकांच्या तोंडी किती आहे? फोंतेन म्हटलं की फ्रान्समधली माणसं ओळखतात. आरेस्की म्हणजे 'तिच्याबरोबर असतो तो'. फोंतेननं त्याला झाकलेलं नाही. तिनं त्याचं नाव सोबतच लावलं आहे. झाकलं ते ऐकणाऱ्यांनी. ठेका धरणाऱ्याकडं कुणी बघत नाही. आपल्या गायन पार्ट्यांतल्या ढोलकीवाल्याला विचारा.

७

एवढं बाजूनं बोललो, आता विरुद्धही बोललं पाहिजे. नाहीतर ही समीक्षा नाही, आरती होईल.

घरात टेप करायची तर आधी घर लागतं. दार बंद करता आलं पाहिजे. शांतता लागते. शांतता ही जगातली महागडी चीज आहे, हे दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्याला विचारावं. या टेपमधली शांतता ऐकताना मला पहिल्यांदा हेवा वाटला, मग थोडा राग आला. या दोघांच्या गाण्यासमोर माणसं नाहीत. ती एकमेकांसाठी गाताहेत. त्यामुळं बोलणं आत आत जातं, दोघांच्याच खुणांचं होतं. फोंतेनच्या शब्दांत हा धोका नेहमीचा आहे. 'सी नॉर्माल'मध्ये ती सगळ्यांसाठी बोलते, इतर कित्येक ठिकाणी ती फक्त स्वतःच्या भिंतीशी बोलते. बाहेरच्यानं मग त्या भिंतीचं कौतुक करत उभं राहायचं.

आणि अशा सापडलेल्या टेपांचं पुढं काय होतं? थोड्या प्रती निघतात, संग्राहक विकत घेतात, कपाटात लावतात. एका कपाटातून निघालेली टेप दुसऱ्या कपाटात जाते. फक्त किंमत वाढलेली असते.

हे सगळं खरं. तरी मी ती टेप टाकून देणार नाही. सांगतो का ते.

माझे वडील गायन पार्टीत गायचे. १९८०-९० च्या दशकातली गोष्ट. आमच्याकडं एक टू-इन-वन होता, हप्त्यावर घेतलेला. रविवारी दुपारी खोलीत सात-आठ माणसं दाटीवाटीनं बसायची. मी रेकॉर्डचं आणि प्लेचं बटण एकदम दाबायचो, ते माझं काम. त्या कॅसेटवर वडिलांचा आवाज आहे, ढोलकी आहे, शेजारणीच्या कुकरची शिट्टी आहे, मध्येच नळ आला म्हणून ओरडणारी आई आहे. ती कॅसेट घेऊन वडील एका कॅसेटवाल्याकडं गेले. त्यानं दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे हो, पण माल कच्चा आहे. स्टुडिओत करून आणा." स्टुडिओचं भाडं वडिलांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं होतं. ती कॅसेट ट्रंकेत गेली. पुढं एका लग्नाच्या वरातीआधी मीच तिच्या एका बाजूवर सिनेमाची गाणी भरली. रिकामी कॅसेट हवी होती म्हणून. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पॅरिसची टेप ऐकताना मला ही कॅसेट आठवली आणि माझंच मला कळलं. कॅसेटवाला म्हणाला 'कच्चा' आणि आम्ही मान डोलावली. मीसुद्धा. बापाच्या आवाजावर सिनेमा भरताना माझ्या डोक्यात 'सी नॉर्माल' हेच वाजत होतं. यात काय विशेष, असंच असतं.

म्हणून मित्रा, तू विचारलंस आपल्याला त्या टेपचं काय करायचंय, त्याचं उत्तर हे. तिथं कुणीतरी एक घरातली टेप सांभाळली. कुणीतरी ती पुन्हा ऐकली. कुणीतरी म्हणालं, हा नमुना नाही, हीच वस्तू आहे. एवढं तीन पावलांचं काम. आपल्या किती ट्रंका अजून उघडायच्या आहेत?

आता नुसतं चर्चासत्र नको. कामाचं सांगतो. कॅसेटच्या पाठीवर, वरच्या कडेला, प्लास्टिकचे दोन छोटे दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर कुणाला दुसरं काही भरता येत नाही. घरात असलेल्या प्रत्येक कॅसेटचे ते दात आजच मोडा. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, तेव्हा कोरड्या जागी ठेवा, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा. चालणारं यंत्र मिळालं की एकदा शेवटपर्यंत ऐका आणि दुसरीकडं उतरवून घ्या. आणि कागदावर लिहा, कोण गायलं, कुठल्या वस्तीत, साधारण कुठल्या साली. ढोलकी कुणाची होती ते आधी लिहा, कारण ते सगळ्यात आधी विसरलं जातं. कुकरची शिट्टी पुसून टाकू नका. ती असू द्या.

वडिलांच्या कॅसेटची दुसरी बाजू अजून शाबूत आहे. परवा ऐकली. आवाज खरखरतो. मध्ये कुणीतरी खोकतं. एका गाण्याच्या शेवटी वडील विचारतात, "आलं का रे बरोबर?" आणि दहा-अकरा वर्षांचा मी म्हणतो, "आलं."

त्या वेळी मला काही कळत नव्हतं. उत्तर मात्र बरोबर दिलं होतं.